हजेरीचे बुक आणि अटकेचा कागद

नगर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पूर्वेकडून सीना आणि दक्षिणेकडून भीमा यांनी वेढलेला, परंतु त्या दोन्ही नद्यांच्या पाण्याला पुष्कळ काळ पारखा राहिलेला जो माळरानाचा मुलूख आहे, तोच कर्जत तालुका. परगावच्या माणसाला तो ठाऊक असतो तो सिद्धटेकच्या गणपतीमुळे, राशीनच्या यमाईच्या हलत्या दीपमाळेमुळे, किंवा आषाढ वद्य एकादशीला निघणाऱ्या संत गोदड महाराजांच्या रथामुळे. आणि ज्याला रानाची ओढ आहे त्याला रेहेकुरीच्या काळविटांमुळे. मला आज या तालुक्याच्या ज्या इतिहासाविषयी लिहावयाचे आहे त्याला देऊळ नाही आणि यात्राही नाही. तो पोलीस ठाण्याच्या दप्तरात आणि गावाबाहेरच्या गायरानावर पाल ठोकून राहिलेल्या पारध्यांच्या पिढ्यांत मुरलेला आहे. सरकारी शिपायानेच हक्क तुडविला तर रयतेने दाद कोणापाशी मागावी, हा त्या इतिहासाचा प्रश्न. आणि त्याचे उत्तर गेल्या दोनशे वर्षांत कसकसे बदलत गेले हे पालाच्या दारातून पाहिले असता जितके स्वच्छ दिसते तितके वाड्याच्या ओसरीवरून दिसत नाही, असे माझे मत आहे.

पेशवाईच्या अखेरीस गावची राखण जागल्याकडे असे. नगरच्या बाजूला तो पुष्कळदा भिल्ल असे, अन्यत्र रामोशी किंवा मांग. चोरी झाली की त्याने पावलांचा माग काढीत निघावे, माग शेजारच्या शिवेत शिरला की त्या गावच्या जागल्याने तो पुढे न्यावा, आणि ज्या गावाच्या हद्दीत माग हरवेल त्या गावाने नुकसानीची भरपाई करावी, अशी ती वहिवाट १८१९ साली एल्फिन्स्टनने आपल्या अहवालात नमूद करून ठेवली आहे. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही, कारण पाटलाने किंवा कमाविसदारानेच जुलूम केला तर गरिबाला हुजुरापर्यंत जाऊन गाऱ्हाणे घालण्यापलीकडे मार्ग नव्हता आणि तेथे मिळे ती कृपा असे, हक्क नव्हे. ‘फिर्याद’ या फारसी शब्दाचा मूळ अर्थच आक्रोश असा आहे, आणि त्या काळी तो शब्दशः खरा होता. तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे: गुन्ह्याची जबाबदारी जागेवर, म्हणजे शिवेवर आणि गावावर पडे, जन्मावर पडत नसे.

ती जन्मावर टाकण्याचे काम पुढे इंग्रजी अमलाने केले. १८२७ च्या रेग्युलेशनांनी पोलीस खात्याची चौकट घालून दिली, १८६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने पाटलाला त्या चौकटीत बसविले, आणि त्यानंतर १८७१ साली, प्रथम उत्तर हिंदुस्थानापुरता, तो कायदा झाला ज्याला पुढे ‘गुन्हेगार जमातींचा कायदा’ या नावाने सारा देश ओळखू लागला. याच दशकात, १८७५ च्या उन्हाळ्यात, पुणे जिल्ह्यातील सुप्याला सावकारांविरुद्ध उसळलेला दंगा पारनेर, श्रीगोंदे, नगर आणि कर्जत या तालुक्यांत पोहोचला होता. सरकारने लष्कर आणून तो मोडला खरा, परंतु मोडल्यावर आयोगही नेमला, खतपत्रे तपासली, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा स्वतंत्र कायदा केला. अर्थात कर्जतच्या कुणब्याने हातात जळता पलिता घेतला तेव्हा सरकारला त्याच्या दुःखाचे कारण शोधावेसे वाटले. त्याच माळावर फासे टाकून तितर आणि हरणे धरणाऱ्या पारध्याच्या बाबतीत मात्र कारण शोधण्याची गरजच भासली नाही, कारण तो गुन्हेगार जन्मतो असे गृहीत धरून कायदा आधीच लिहून ठेवलेला होता.

१९११ साली हा कायदा सुधारून मुंबई इलाख्यासकट सर्व देशास लागू झाला आणि १९२४ साली त्याची पुन्हा घट्ट बांधणी झाली. फासेपारधी त्याच्या यादीत आले. नोंदलेल्या माणसाच्या बोटांचे ठसे घ्यावेत, त्याने ठरल्या वेळी ठाण्यावर किंवा पाटलाकडे हजेरी द्यावी, राहण्याची जागा बदलावयाची असेल तर आधी कळवावे, परवान्यावाचून हद्द ओलांडू नये, आणि संशयास्पद परिस्थितीत आढळला तर चोरी सिद्ध झाली नसताही तुरुंगात जावे, असे त्याचे स्वरूप होते. सोलापूरला तारेच्या कुंपणातील वसाहत उभी राहिली होती. माळावर राहिले त्यांच्या वाट्याला हजेरीचे बुक आले. परंतु या कायद्यातील सर्वांत भयंकर कलम मला हजेरीचे वाटत नाही. एखादी जमात गुन्हेगार असल्याचे सरकारने एकदा गॅझेटात छापले की ती तशी आहे याचा तो निर्णायक पुरावा मानावा आणि त्या जाहीरनाम्याच्या वैधतेविषयी कोणत्याही न्यायालयाने शंका घेऊ नये, असे जे कलम १८७१ पासून त्यात होते, ते सर्वांत भयंकर होय. शिपायाने अन्याय केला तर न्यायाधीशाकडे जावे. परंतु न्यायाधीशाच्या दारालाच कायद्याने कुलूप घातले असेल तर मनुष्याने जावे कोठे?

यावर कोणी म्हणेल, आणि म्हणण्यात तथ्यही आहे, की त्याच इंग्रजी कायद्यांत रयतेच्या रक्षणाची तरतूद होती. कबुली वदवून घेण्यासाठी दुखापत करणे हा १८६० च्या दंडसंहितेप्रमाणे सात वर्षांच्या शिक्षेचा अपराध होता. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वाचता येणार नाही हे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने सांगितले होते. अटक केलेल्या इसमास चोवीस तासांहून अधिक काळ मॅजिस्ट्रेटपुढे नेल्यावाचून ठेवू नये हा नियम १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत स्पष्ट होता. परंतु हे नियम मोडले तर ते मोडल्याची नोंद करणारा कारकून तोच, ज्याच्या वरिष्ठाने ते मोडले. आणि वरच्या कोर्टाकडे धाव घेण्याची सोय तर अधिकच आखूड होती. हुकूमनामे काढण्याचा मुंबई हायकोर्टाचा जो अधिकार होता तो त्याच्या मूळ अधिकारक्षेत्रापुरता, म्हणजे मुंबई शहराच्या मर्यादेपुरता. मुफसलातील माणसाला बेकायदा कैदेतून सोडविण्यासाठी हायकोर्टास हात घालता यावा अशी दुरुस्ती प्रक्रिया संहितेत झाली ती १९२३ साली. कर्जतचा पारधी कायद्याच्या दृष्टीने मुंबईच्या कुलाब्यातील माणसाइतका नागरिक नव्हताच.

मुंबई प्रांताने गुन्हेगार जमातींचा कायदा १९४९ साली आपल्यापुरता रद्द केला आणि ३१ ऑगस्ट १९५२ पासून तो सर्व देशातून गेला. भटक्या-विमुक्तांच्या वस्त्यांतून हा दिवस आजही मुक्तिदिन म्हणून पाळला जातो. ‘विमुक्त’ हा शब्द तेथूनच आला. त्याआधी, २६ जानेवारी १९५० रोजी, त्याहून मोठी गोष्ट घडली होती. संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदाने अटकेचे कारण कळण्याचा, वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे राहण्याचा हक्क मूलभूत ठरविला; ३२ व्याने सर्वोच्च न्यायालयाचे आणि २२६ व्याने उच्च न्यायालयाचे दार, मूलभूत हक्कासाठी येणाऱ्या कोणालाही, उघडे केले. मुंबई शहराची ती जुनी मर्यादा त्या दिवशी पुसली गेली. शिवाय १९८१ साली औरंगाबादला उच्च न्यायालय बसू लागले आणि पुढे नगर जिल्ह्याचा माणूस त्या खंडपीठाच्या कक्षेत आला, म्हणजे वाटही काहीशी जवळ झाली.

काहीशीच. कारण कायदा गेला तरी बुक लगेच मिटले नाही. १९५९ च्या सराईत गुन्हेगारांच्या कायद्याने जमातीऐवजी व्यक्तीची नोंद सुरू केली, आणि तत्त्वतः हे पुढचे पाऊल असले तरी नोंदणाऱ्याची दृष्टी एका रात्रीत पालटत नसते. दरम्यान पारध्याची शिकारही बेकायदा ठरली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला अभय दिले, १९८० साली रेहेकुरीला सव्वादोन चौरस किलोमीटरांहूनही लहानसे अभयारण्य झाले, आणि ते योग्यच झाले. परंतु ज्याच्या हातातला फास काढून घेतला त्याच्या हातात नांगर देण्याची तत्परता काळविटाच्या मानाने फार थोडी दिसली, हे म्हटल्यावाचून राहवत नाही. गायरानावर पाल आहे, सातबारावर नाव नाही, धंदा नाही, आणि पंचक्रोशीत चोरी झाली की पहिली झडती आपलीच व्हावयाची, अशा स्थितीत स्वातंत्र्यानंतरची पिढी वाढली. रात्री-अपरात्री घरी येऊन दार ठोठावण्याच्या पोलिसी पाळतीला सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली खडकसिंग खटल्यात घटनाबाह्य ठरविले खरे. परंतु खडकसिंग उत्तर प्रदेशातला होता, त्याचे घर होते आणि त्या घराला दार होते.

आता मुंबई (आजच्या नावाने महाराष्ट्र) पोलीस कायदा, १९५१, याच्या १६१ व्या कलमाकडे वळले पाहिजे, कारण महाराष्ट्रातील माणसाला पोलिसांविरुद्ध जावयाचे तर वाटेत हा उंबरठा लागतोच. अधिकाराच्या मिषाने केलेल्या कृत्याबद्दल पोलीस अंमलदारावर दावा किंवा खटला भरावयाचा तर तो सहा महिन्यांच्या आत भरला पाहिजे, एरवी तो फेटाळला जाईल, असे ते कलम सांगते. यातील ‘अधिकाराच्या मिषाने’ म्हणजे काय, यावर सर्वोच्च न्यायालयात दोन महत्त्वाचे निर्णय झाले, आणि ते एकापुढे एक ठेवून वाचण्यासारखे आहेत. १९६३ सालच्या विरूपाक्षप्पा कडंपूर यांच्या प्रकरणात एका हेड कॉन्स्टेबलवर गांजाच्या जप्तीचा खोटा पंचनामा केल्याचा आरोप होता. न्यायालयाने म्हटले, की पंचनामा करणे हे त्याचे कर्तव्य होते. तो खोटा केला तरी कर्तव्याच्या मिषानेच केला, आणि म्हणून सहा महिन्यांची ढाल त्याला मिळेल. पुढे १९६६ सालच्या महाराष्ट्र राज्य विरुद्ध आत्माराम या प्रकरणात गुन्ह्याच्या तपासात आणलेल्या माणसांना मारहाण करून कोंडून ठेवल्याचा आरोप पोलिसांवर होता. येथे मात्र न्यायालयाने विचारले, की माणसाला मारण्याचा अधिकार कोणत्या कायद्याने दिला आहे? कोणत्याच नाही, तेव्हा मारहाण ही अधिकाराच्या मिषाने होऊच शकत नाही आणि तिला ते कलम पांघरता येणार नाही. पहिल्या निर्णयातील तर्क मला आजही बोचतो, कारण खोट्या कागदाने माणसाचे आयुष्य जितके उद्ध्वस्त होते तितके काठीने होतेच असे नाही. परंतु दुसऱ्या निर्णयाने गरिबाच्या पाठीवरील वळाला कायद्याच्या भाषेत जे स्थान दिले ते फार मोलाचे आहे, आणि त्याची ओळख ज्यांना हवी त्यांना ती अजून पुरती झालेली नाही.

यानंतरची पायरी महाराष्ट्राच्याच भूमीवर, परंतु पराभवातून, चढली गेली. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोघा पोलिसांना निर्दोष ठरविले. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार विधिज्ञांनी १९७९ साली सरन्यायाधीशांस उघडे पत्र लिहून त्या निर्णयास आव्हान दिले, देशभर आंदोलन उठले, आणि १९८३ साली कोठडीतील बलात्काराविषयी कायदा बदलला. त्याच वर्षी, पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईच्या कोठडीतील स्त्रियांविषयी लिहिलेले साधे पत्र सर्वोच्च न्यायालयाने अर्ज मानून दाखल केले, अटकेची वार्ता नातलगास व विधी साहाय्य समितीस देण्याचे आदेश दिले, आणि कोठडीत छळ झाला का हे आरोपीस विचारण्याचे कर्तव्य दंडाधिकाऱ्यावर घातले. सरकारने हक्क मोडला तर भरपाई द्यावी हे तत्त्वही १९८३ सालच्याच रुदुल साह प्रकरणात, म्हणजे निर्दोष ठरूनही चौदा वर्षे बिहारच्या तुरुंगात सडलेल्या माणसाच्या निमित्ताने, प्रस्थापित झाले. दहा वर्षांनी नीलावती बेहरा या ओडिशातील मातेला, मुलाचा कोठडीत मृत्यू झाल्याबद्दल, दीड लाख रुपये देवविताना न्यायालयाने सांगितले, की मूलभूत हक्काच्या भंगापुढे राज्याच्या सार्वभौमत्वाचा बचाव चालावयाचा नाही.

डिसेंबर १९९६ मध्ये डी. के. बसू प्रकरणाचा निर्णय झाला आणि बुकाची दिशा उलटी फिरली. अटक करताना जागेवरच कागद करावा, त्यावर वेळ व तारीख घालावी, घरच्या किंवा वस्तीतल्या एका माणसाची साक्ष म्हणून सही घ्यावी, अटक झालेल्यानेही त्यावर सही करावी, अंगावरच्या जखमा असतील तर लिहून ठेवाव्यात, कोठडीत असेतो दर अठ्ठेचाळीस तासांनी डॉक्टरकडून तपासणी व्हावी. ऐंशी वर्षांपूर्वी पारध्याने रोज जाऊन आपली हजेरी पोलिसाच्या बुकात लावावयाची होती; आता पोलिसाने आपल्या प्रत्येक कृत्याची हजेरी अशा कागदावर लावावयाची, जो उद्या त्याच्याविरुद्ध वाचला जाईल. २०२० साली परमवीर सिंग सैनी प्रकरणात प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसविण्याचा आणि त्यांतील चित्रण जतन करण्याचा आदेश झाला तो याच कागदाचा पुढचा अवतार होय.

कागद असूनही तो दडविला तर काय होते, याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातीलच आहे. २००३ च्या जून महिन्यात एका कुटुंबावर दरोडा, बलात्कार आणि पाच खून असा भीषण प्रसंग गुदरला. भटक्या जमातीच्या सहा गरीब मजुरांवर खटला चालला आणि २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठोठावली. पुनर्विचारात ५ मार्च २०१९ रोजी तेच सहा जण निर्दोष सुटले. तेव्हा न्यायालयाने जे नमूद केले ते वाचून मन सुन्न होते: प्रत्यक्ष साक्षीदार स्त्रीने आरंभीच पोलिसांजवळच्या छायाचित्रांतून वेगळीच चार माणसे ओळखली होती, आणि त्या दिशेने तपासच झाला नव्हता. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई आणि चुकलेल्या अधिकाऱ्यांवर कारवाई, असा हुकूम झाला. तोवर सोळा वर्षे गेली होती, आणि त्यांतला मोठा काळ फासाच्या सावलीत. आणि १९९८ च्या जून महिन्यात, कर्जतपासून फार दूर नसलेल्या बारामतीत एका पारधी इसमाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला, तेव्हा लक्ष्मण गायकवाड, महाश्वेता देवी आणि गणेश देवी यांनी विमुक्तांच्या हक्कांसाठी नुकत्याच उभारलेल्या मंडळाने ते प्रकरण हाती घेतले होते, हेही येथे सांगितले पाहिजे. कारण पालातला माणूस एकटा कोर्टापर्यंत क्वचितच पोहोचतो.

मग आज कर्जतच्या माणसासमोर वाटा कोणत्या? ठाण्यात फिर्याद घेत नसतील तर ती लेखी स्वरूपात जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठविता येते. तरीही काही न झाल्यास तालुक्याच्याच न्यायदंडाधिकाऱ्याकडे खासगी फिर्याद देता येते किंवा नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १७५ व्या कलमाखाली तपासाचा आदेश मागता येतो, मात्र सरकारी नोकर असल्यास आता वरिष्ठांचा अहवालही मागविला जातो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाची फिर्याद जाणूनबुजून टाळणारा अधिकारी १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या चौथ्या कलमाखाली येतो, आणि फासेपारधी अनुसूचित जमातीत आहेत. कोठडीतील मृत्यूची चौकशी दंडाधिकाऱ्याने करावयाची असते. परभणीच्या कोठडीमृत्यूच्या प्रकरणात औरंगाबाद खंडपीठाने जुलै २०२५ मध्ये पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदविण्याचा हुकूम दिला तो अशाच चौकशीच्या अहवालानंतर. राज्य मानवी हक्क आयोगाकडे वर्षाच्या आत अर्ज करता येतो, त्याला कोर्ट फी लागत नाही. २०१४ च्या दुरुस्तीने महाराष्ट्रात विभागवार पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद झाली आहे, आणि नगर जिल्हा नाशिक विभागात मोडतो. बेकायदा कैदेबद्दल दिवाणी दाव्याची मुदत सुटकेपासून एक वर्ष. वकिलाला द्यावयास पैसे नसतील तर स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतील कोणीही यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठीची विधी सेवा समिती तालुक्याच्या न्यायालयातच असते. या सर्व वाटांपैकी मला स्वतःला तालुक्याच्या दंडाधिकाऱ्याची वाट सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती पायी जाण्याजोगी आहे, आणि रिमांडसाठी उभ्या केलेल्या माणसाला ‘मारहाण झाली का?’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी तेथेच विचारला जावयाचा असतो.

परंतु या तालुक्याची एक गोष्ट कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या कोयते बांधून ऊसतोडणीला निघतात आणि गाळपाचा हंगाम संपवून चैत्र-वैशाखात परततात. आश्विनात ज्याला ठाण्यात नेऊन मारले तो घेतलेली उचल फेडण्यासाठी चार दिवसांनी गाडीत बसणार, फडावर सहा महिने काढणार, आणि परत येईपर्यंत १६१ व्या कलमाची मुदत सरून गेलेली असणार. कारकून किंवा हवालदार त्याला सांगणार, की बाबा, आता उशीर झाला. आत्माराम प्रकरणातल्या निर्णयाप्रमाणे मारहाणीला ती मुदत लागूच नाही, आणि कबुलीसाठी केलेल्या दुखापतीची शिक्षा सात वर्षांपर्यंत असल्याने प्रक्रिया संहितेतील तीन वर्षांची कालमर्यादाही तिला बांधीत नाही. हे त्याला फडावरून उतरल्या दिवशी, कर्जतच्या एस.टी. स्थानकातून वस्तीकडे जाण्यापूर्वी, कोणी सांगणारे भेटले तर त्याची फिर्याद अजून जिवंत असते.